मागील पानावरून पुढे

'जतन' हा शब्द संस्कृत 'यत्न'पासून मराठीत आला. सांभाळून ठेवणे ही मुळात कष्टाची गोष्ट आहे, हे भाषेने असे आपल्या पोटात ठेवले होते. पोथीचे जतन म्हणजे तिला वर्षातून एकदा ऊन दाखविणे, भोवतीचे फडके बदलणे, वाळवीवर नजर ठेवणे. लग्नातल्या शालूचे जतन म्हणजे जुन्या घड्या मोडून नव्या घालणे. जो सांभाळतो त्याला सांभाळलेल्या वस्तूची वारंवार भेट घ्यावी लागते आणि या भेटींतूनच तिचे मोल टिकून राहते. संगणकाच्या मराठी पडद्यावर आज 'जतन करा' अशी आज्ञा दिसते, तीतून यत्न तेवढा गळून पडला आहे. कळ दाबली की जतन झाले. पुन्हा त्या वस्तूकडे वळून पाहिले नाही तरी चालते.

हा बदल जेथे अतिशय उघडपणे पाहता येतो ते क्षेत्र मराठी साहित्यसमीक्षेने फारसे आपले मानलेले नाही. व्हिडिओ गेम खेळणारा खेळ मध्येच थांबवून, तो कोठवर आला याची नोंद यंत्रापाशी ठेवतो. या नोंदीला खेळणारे 'सेव्ह' म्हणतात. ती नष्ट झाली म्हणजे चांगली कर्ती माणसेही वीस-वीस वर्षे तिची हळहळ बाळगतात. या हळहळीला हसणे सोपे आहे. परंतु जी वस्तू काही किलोबाइटांच्या पलीकडे जात नाही, जिला बाजारात कसलेही मोल नाही आणि जिच्यावाचून कोणाचे काही अडत नाही, तिच्याविषयी माणसाला शोक का व्हावा, हा प्रश्न आस्वादाचा, स्मृतीचा आणि संहितेच्या स्वरूपाचा आहे. म्हणजेच तो समीक्षेच्या कक्षेतला आहे.

२

प्रथम हे स्पष्ट करावयास हवे की, सेव्ह हरवते तेव्हा खेळ हरवत नाही. खेळाची संहिता सुरक्षितच असते. तिच्या असंख्य प्रती जगभर असतात आणि हवी तेव्हा नवी प्रत मिळविता येते. हरवते ते त्या संहितेचे एक विशिष्ट वाचन: कोणती वाट घेतली, काय गोळा केले, काय टाळले, कोठे अडखळले, किती तास घालविले. रोलाँ बार्त यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून वाचकाच्या जन्माला वाट करून दिली, त्याला अर्धशतक उलटले. संहितेतील रिकाम्या जागा वाचक कशा भरतो याची मांडणी वोल्फगांग इझर यांनी केली, तीही आता परिचित आहे. मात्र या सिद्धान्तांतला वाचक बहुधा सामान्यनामासारखा राहिला. एखाद्या विशिष्ट माणसाचे विशिष्ट दुपारचे वाचन मागे उरतच नाही, म्हणून त्याविषयी बोलण्याची सोयही नव्हती. समासातील पेन्सिलीच्या खुणा, दुमडलेला कोपरा, पानांत विसरलेले एसटीचे तिकीट, एवढेच काय ते त्याचे अवशेष. सेव्हमध्ये मात्र वाचन हे संहितेपासून सुटे होऊन स्वतंत्र वस्तुरूप धारण करते. त्याला नाव असते, दिनांक असतो, ठरावीक जागा असते. आणि ज्याला वस्तुरूप आहे ते हरवूही शकते.

या वस्तुरूपाचा इतिहास लहान आहे, पण पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटेल. १९८६ मध्ये जपानात 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ आला, तेव्हा त्याच्या कॅसेटीत नोंद ठेवण्याची सोय नव्हती. खेळ थांबविताना यंत्र वीस अक्षरांची एक अर्थहीन ओळ पडद्यावर दाखवी. मुलाने ती वहीत उतरवून घ्यावी आणि पुढच्या वेळी जशीच्या तशी भरावी, अशी योजना होती. तिला जपानीत 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' अशा अर्थाचे नाव होते. दुसऱ्या वर्षी आलेल्या उत्तरभागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. त्यात एक अक्षर चुकीचे उतरले तरी कित्येक तासांचा खेळ बुडे. हस्तलिखितांच्या परंपरेत ज्याला लेखकप्रमाद म्हणतात तोच हा प्रमाद; फरक एवढाच की, येथे त्याची शिक्षा नकलाकाराला स्वतःलाच भोगावी लागे. पुढे कॅसेटीतच नाण्याएवढी बॅटरी बसवून नोंद जिवंत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. 'द लेजंड ऑफ झेल्डा' या खेळाची १९८७ ची अमेरिकी कॅसेट हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. ही बॅटरी पंधरा-वीस वर्षे, क्वचित त्याहून अधिक टिकते. ती संपली की खेळ शाबूत राहतो आणि नोंद मात्र विझते. जगातल्या कितीतरी घरांच्या माळ्यांवर अशा नोंदी कोणाच्याही नकळत विझून गेल्या आहेत.

३

वऱ्हाडात या इतिहासाची सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. येथे मुलांच्या हाती प्रथम आला तो जतन न होणारा खेळ.

धामणगाव नावाची गावे वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत: अमरावती जिल्ह्यातच धामणगाव गढी आहे, बुलडाण्याकडे धामणगाव बढे आहे. तेव्हा मुंबई-नागपूर लोहमार्गावरील या धामणगावाने स्थानकालाच आपल्या नावाचा भाग करून घेतले आणि ते धामणगाव रेल्वे झाले. १८६७ मध्ये हा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे वाहू लागला. कापसाचा बाजार, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडतीची दुकाने आणि त्यांत मांडी घालून रोजकीर्द लिहिणारे दिवाणजी, असे या गावाचे व्यवहारजीवन दीर्घकाळ राहिले. अशा गावात १९९० नंतरच्या दशकात टीव्हीला जोडावयाचे व्हिडिओ गेम आले. 'सामुराई', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' ही त्यांची त्या काळी घरोघर माहीत असलेली नावे. जपानी यंत्राची नक्कल असलेल्या या स्वस्त यंत्रांच्या कॅसेटींवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ फिरून फिरून येत. कॅसेट चालली नाही की तिच्या खालच्या फटीत फुंकर मारावयाची, हा विधी कोणी न शिकविता सर्वांना येत होता.

त्या खेळांत 'सुपर मारिओ'चे बत्तीस टप्पे आणि 'कॉन्ट्रा'चे आठ टप्पे एका बैठकीतच संपवावे लागत. नोंद ठेवण्याची सोय नव्हती. यंत्र बंद केले किंवा वीज गेली की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून आरंभ. आणि वीज जात असे. कोराडी आणि चंद्रपूरची औष्णिक केंद्रे विदर्भात असूनही विदर्भातल्या गावांना अंधारात बसावे लागते, ही या प्रदेशाची जुनी तक्रार आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत तर भारनियमनाचे वेळापत्रकच वर्तमानपत्रांतून छापून येई. सातव्या जगात पोहोचलेला मारिओ पंख्याबरोबर थांबे, टीव्हीच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका उरे आणि तोही जाई.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या सततच्या नाशाविषयी त्या पिढीतली माणसे आज दुःखाने बोलत नाहीत. हसून बोलतात, रंगवून बोलतात. वीज गेल्यावर मुले ओट्यावर येत आणि खेळ कोठवर आला होता हे एकमेकांना सांगत. जो सातव्या जगापर्यंत गेला होता त्याला ते सांगूनच सिद्ध करावे लागे. ऐकणारे शंका घेत, तपशील विचारीत, साक्षीदार मागत. यंत्राने काहीच ठेवून घेतले नाही, म्हणून सगळे माणसांना ठेवावे लागले. कोणत्या विटेखाली काय दडलेले आहे, कोठे क्षणभर थांबून उडी घ्यावयाची, 'कॉन्ट्रा'त तीस जीव मिळविण्यासाठी कळा कोणत्या क्रमाने दाबावयाच्या, हे ज्ञान लिहिले गेले नाही. ते बोटांत राहिले आणि तोंडी परंपरेने एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेले. मौखिकतेचा एवढा शुद्ध नमुना विसाव्या शतकाच्या अखेरीस एका विद्युत् यंत्राभोवती तयार व्हावा, यात विरोधाभास दिसतो. पण तो खरा आहे.

४

संगणक घरी आले तेव्हा हे चित्र पालटले. या पालटाविषयी धामणगावातील एका घराची हकीकत पुरेशी बोलकी आहे.

हे घर एका जिनिंगमध्ये आयुष्यभर दिवाणजी राहिलेल्या आजोबांचे. रात्री दिवसाचा हिशेब जुळला की ते पानाच्या तळाशी शिल्लक मांडीत आणि दुसऱ्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून पुढे' असे लिहून तोच आकडा उतरवीत. त्यांच्या मुलाने २००४ मध्ये संगणक घेतला. घरातला नातू तेव्हा तेरा वर्षांचा होता. डोंबिवलीला दिलेल्या आत्याचा मुलगा त्याच्याच वयाचा. तो दर मे महिन्यात आजोळी येई. वऱ्हाडातला मे म्हणजे पंचेचाळीस अंशांकडे जाणारा पारा. सकाळी दहानंतर मुलांना बाहेर पडण्याची बंदी, वडीलधारी माणसे वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर निजलेली, आणि बंद खिडक्यांच्या अर्धअंधाराच्या खोलीत दोन मुले एका खुर्चीवर बसून 'व्हाइस सिटी' खेळत. हा खेळ २००२ मधला, संगणकावर तो २००३ मध्ये आला. मयामीच्या धर्तीवर रचलेले १९८६ मधले एक काल्पनिक शहर, त्यात गाड्या पळविणारा एक गुंड आणि त्याच्यावर सोपविलेल्या कामगिऱ्या. संवाद इंग्रजीतले, अर्ध्याहून अधिक न समजणारे. त्यामुळे कामगिऱ्यांना मुलांनी आपली नावे दिली होती. दूरनियंत्रित खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने बांधकाम चालू असलेल्या इमारतीत वेळेच्या आत स्फोटके नेऊन ठेवण्याची एक कामगिरी तर भारतातल्या मुलांमध्ये तिच्या अवघडपणासाठी प्रसिद्धच होती. धामणगावात तिचे नाव 'हेलिकॉप्टरचं मिशन'.

या खेळात जतनाची सोय होती, परंतु ती कोठेही उपलब्ध नव्हती. त्यासाठी गाडी हाकीत विशिष्ट घरी किंवा हॉटेलात परतावे लागे आणि तेथे हवेत फिरणाऱ्या गुलाबी कॅसेटीच्या चिन्हात शिरावे लागे. नोंद होताच खेळातले घड्याळ सहा तास पुढे सरके. बाहेर वीज गेली आणि यूपीएसची शिटी सुरू झाली की मुलांच्या हाती दहा-पंधरा मिनिटे उरत. त्या अवधीत ती गाडी हॉटेलापर्यंत पोहोचविणे हा खेळातला दुसराच, कोणी न रचलेला खेळ होता. नोंदींसाठी एकूण आठ जागा होत्या. प्रत्येक नोंदीपुढे शेवटच्या पार केलेल्या कामगिरीचे नाव आणि खऱ्या जगातला दिनांक व वेळ उमटे. पहिल्या तीन जागा घरच्या मुलाच्या. चौथी जागा दोघांची. तीत एक कामगिरी एकाने, पुढची दुसऱ्याने करावयाची आणि भाचा परत गेल्यावर वर्षभर त्या जागेला कोणी हात लावावयाचा नाही, असा करार होता.

मे २००५ च्या अखेरीस चौथ्या जागेत नोंद झाली. मे २००६ मध्ये भाचा गाडीतून उतरला तो चपला काढता काढता संगणकाकडे गेला. नोंद होती तशी होती. वर्षापूर्वी हॉटेलाच्या दाराशी उभा केलेला माणूस तेथेच उभा होता. दोघांची उंची वाढली होती, आवाज फुटले होते, आजी मधल्या काळात गेली होती. खेळ मात्र मागील पानावरून पुढे सुरू झाला. मे संपताना दोघांनी पुन्हा नोंद केली.

त्याच पावसाळ्यात संगणकात विषाणू शिरला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने नेहमीचा उपाय केला: सी ड्राइव्ह पुसून सगळे नव्याने भरले. डी ड्राइव्हमधली गाणी, चित्रपट, एका लग्नाचे फोटो सगळे वाचले. पण हा खेळ आपल्या नोंदी 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवी, आणि ते घर सी ड्राइव्हमध्येच असे. विंडोज एक्सपीच्या काळात अशा रीतीने किती घरांतल्या नोंदी गेल्या असतील याची गणती नाही. त्यात कोणाचा विशेष दोषही नव्हता. काय वाचवायचे याची यादी प्रौढांनी केली होती आणि त्यांच्या यादीत ही वस्तूच नव्हती.

त्या हिवाळ्यात आजोबा गेले. पुढच्या वर्षी घराच्या आणि शेताच्या वाटणीचा प्रश्न निघाला. आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली, परंतु ती ज्या शब्दांत मागितली गेली ते शब्द तिच्या मनातून गेले नाहीत. महाराष्ट्रात असंख्य घरांत बहिणीचे माहेर या कागदावर येऊन थांबते. आत्याचे येणे थांबले, म्हणून भाच्याचे थांबले. दोन घरांमधले दूरध्वनी मोठ्या माणसांचे आणि व्यवहारापुरते राहिले. हक्कसोडपत्र दिनांक, वेळ, सह्या, अंगठे आणि साक्षीदारांसह शासकीय दप्तरात नोंदले गेले. ते आजही तेथे आहे आणि मागितले तर त्याची नक्कल मिळते. दिनांक आणि वेळ असलेली दुसरी नोंद, जिच्यात हीच दोन घरे पुढच्या मे महिन्यात भेटण्याचे ठरवीत होती, ती कोणत्याही दप्तरात नाही.

५

डिसेंबर २०१९ मध्ये अमरावतीला एका लग्नात हे दोघे मामे-आतेभाऊ भेटले. तिशीकडे झुकलेले, एकमेकांशी काय बोलावे हे न सुचणारे. जेवणानंतर भाच्याने विचारले, "चौथ्या नंबरवरचं आपलं अजून आहे का रे?" दुसऱ्याने सांगितले, "ते तं तवाच उडालं बे. त्याच पावसाळ्यात."

ही नोंद केव्हा हरवली, असा प्रश्न येथे विचारता येतो. यंत्राच्या हिशेबाने २००६ मध्ये. परंतु डोंबिवलीच्या मुलाच्या लेखी ती तेरा वर्षे शाबूत होती. मधल्या काळात तो त्या गावी गेला नाही, त्या घराविषयी त्याच्या आईपुढे बोलणे त्याने टाळले. तरी त्या घरातल्या एका यंत्रात त्याची एक जागा राखलेली आहे, तिला कोणी हात लावलेला नाही, ही समजूत त्याने सोडली नव्हती. हक्क सोडला गेला होता. जागा सोडली गेली नव्हती. तेव्हा त्या नोंदीचे मूल्य तिच्यातल्या बाइटांत होते असे म्हणता येत नाही, कारण बाइट नसतानाही ते मूल्य तेरा वर्षे अबाधित राहिले. ते मूल्य करारात होते: तू येशील, आणि तू येईपर्यंत मी हे पुढे नेणार नाही. सेव्ह करणे म्हणजे अपूर्णतेवर दोघांनी केलेली सही. म्हणूनच खेळ पूर्ण केलेल्यांना आपल्या शेवटच्या नोंदीचे तितकेसे वाटत नाही; मन गुंतते ते अर्ध्यावर ठेवलेल्यात.

त्या रात्री पुढे जे घडले ते समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. हेलिकॉप्टरचे मिशन पार झाले होते की नाही, यावर दोघांचा वाद झाला. घरचा म्हणाला, "झालं होतं ना. तूच तं केलं होतं, शेवटच्या दिवशी." भाचा म्हणाला, तेथेच तर अडकलो होतो, पुढच्या वर्षी तू करणार होतास. नोंद असती तर तिच्यासमोर उमटलेल्या नावाने हा वाद एका क्षणात मिटला असता. ती नव्हती, म्हणून दोघांना सगळे पुन्हा रचावे लागले: शेवटची दुपार कोणती, वीज केव्हा गेली, आजोबांनी कोणाला हाक मारली, रसाचे आंबे कोणी आणले. दोन तास ते बोलत होते. एकमत झाले नाही.

वऱ्हाडातल्या वाचकाला येथे रिद्धपूर आठवणे स्वाभाविक आहे. अमरावती जिल्ह्यातल्या या गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून, पडताळून लिहून काढल्या. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. परंपरा सांगते की, मूळ पोथी खालशाच्या धाडीत नष्ट झाली आणि मग ज्यांनी ती ऐकली होती, पाठ केली होती, त्यांच्या स्मरणातून 'लीळाचरित्र' पुन्हा उभे केले गेले. अनेकांच्या स्मरणातून उभे राहिल्यामुळे त्याचे पाठ अनेक झाले. डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीच्या मागेही या पाठपरंपरांचाच अभ्यास आहे. विशेष असे की, महानुभाव परंपरेत पाठभेदाला 'वासना' असा शब्द आहे. अमक्याची वासना अशी, तमक्याची वासना अशी. एकाच घटनेविषयी दोन स्मरणे वेगळी पडली, तर त्यांतले एक खोटे ठरविण्याऐवजी दोन्ही नोंदवून ठेवावी, अशी ही नम्र पद्धत. संस्कृत काव्यशास्त्रातही सहृदयाच्या चित्तात सुप्त असलेल्या ज्या संस्कारांमुळे रसास्वाद शक्य होतो, त्यांना अभिनवगुप्त वासना म्हणतात. स्मरण आणि आस्वाद यांना एकच शब्द पुरावा, हे आकस्मिक नसावे.

ही तुलना ताणू नये. एका पंथाचा श्रद्धाग्रंथ आणि दोन मुलांचा बाजारू खेळ यांत मोलाचे अंतर आहे. तरी एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. ज्या पाठाचे जतन यत्नाने, म्हणजे पुनःपुन्हा उच्चारून, ऐकवून आणि पडताळून झालेले असते, तो पोथी गेली तरी परत उभा राहू शकतो. यंत्राच्या हवाली केलेल्या नोंदीला हे भाग्य लाभत नाही, कारण ती यंत्रापाशी आहे या भरवशावर कोणीच ती लक्षात ठेवलेली नसते. लेखनामुळे स्मृती क्षीण होईल ही प्लेटोच्या 'फीड्रस'मधली शंका येथे अगदी साध्या रूपात खरी ठरते. मारिओचे बत्तीस टप्पे, जे कधीच जतन झाले नाहीत, ते या दोघांना आजही विटेगणिक आठवतात. जे जतन केले तेथे दोन वासना उरल्या आहेत.

६

या सर्वाला 'स्मरणरंजन' म्हणून बाजूस सारता येईल. मराठी समीक्षेने या शब्दाकडे संशयाने पाहिले आहे आणि त्याला कारण आहे. गतकाळाला गोडी लावून वर्तमानाची जबाबदारी टाळणारे लेखन आपल्याकडे थोडे झालेले नाही. परंतु पाश्चात्त्य भाषांतील 'नॉस्टॅल्जिया' या शब्दाचा जन्म रंजनातून झालेला नाही. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथील प्रबंधात घरापासून दूर राहणाऱ्या स्विस लोकांच्या एका व्याधीसाठी तो बनविला. ग्रीक भाषेत 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणे आणि 'अल्गोस' म्हणजे वेदना. परतण्याची वेदना हा त्याचा मूळ अर्थ. काळापेक्षा त्यात स्थळ अधिक होते. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात गतकातरतेचे दोन प्रकार केले: हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा बांधू पाहणारी एक, आणि ते बांधता येत नाही हे जाणून त्या वेदनेतच रेंगाळणारी, विचार करणारी दुसरी. खेळांच्या बाजाराने पहिलीला भरपूर पुरवठा केला आहे. 'व्हाइस सिटी' २०१२ मध्ये भ्रमणध्वनीवर आला, २०२१ मध्ये नव्या रूपात आला. ज्याला शहर हवे आहे त्याला शहर मिळते. ज्याला चौथी जागा हवी आहे त्याला बाजार काही देऊ शकत नाही.

अभिलेखागारेही देऊ शकत नाहीत. जॉर्डन मेकनर यांच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या १९८९ च्या खेळाची मूळ संगणकीय संहिता अनेक वर्षे हरवलेली होती. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना ती जुन्या चकत्यांच्या खोक्यात सापडली आणि जाणकारांनी त्या चकत्यांतून ती अलगद बाहेर काढली. लेखकाची संहिता वाचविण्याची अशी व्यवस्था आता जगात उभी राहते आहे, आणि ती असावीच. पण तोच खेळ खेळलेल्या एकेका मुलाचे वाचन कोठे ठेवावयाचे? तसे संग्रहालय असू शकत नाही, आणि असले तरी ते व्यर्थ ठरेल. कारण चौथ्या जागेचा अर्थ ज्या दोघांना माहीत आहे त्यांच्याबाहेर ती केवळ अर्धवट राहिलेल्या खेळाची एक नोंद आहे. वाचकाला केंद्रस्थानी आणणाऱ्या समीक्षेने ही मर्यादा ओळखावी असे वाटते. वाचन हे संहितेसारखे साठविता येत नाही. ते दुसऱ्या वाचकाशी बोलतानाच पुन्हा उपलब्ध होते, आणि तेही भेद पावून.

धामणगावच्या त्या घरात आजोबांच्या काही रोजकीर्द वह्या अजून आहेत. कोणे एके साली जिनिंगमध्ये पावसाचे पाणी शिरून वही भिजली होती, ती कशी निस्तरली हे ते नातवांना सांगत. शाई पसरली, आकडे गेले. तेव्हा त्यांनी नवी वही घातली, एकेका शेतकऱ्याला बोलावून समोर बसविले आणि विचारले, "तुमच्या ध्यानात किती आहे?" जो आकडा त्याने सांगितला त्याशी स्वतःचा आठवणीतला आकडा ताडून पाहिला. काहींचे जुळले, काहींचे जुळले नाही. ज्यांचे जुळले नाही त्यांच्याशी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलणे झाले. नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'मागील पानावरून पुढे' असे लिहिता येत नव्हते, कारण मागील पान नव्हते. तेथे त्यांनी नुसती तारीख घातली आणि प्रत्येकाच्या नावापुढे, त्याच्या तोंडून आलेली शिल्लक.

लग्नाच्या रात्री हक्कसोडपत्राचा विषय निघाला नाही. तो मिटलेला आहे असेही नाही. भाच्याने निघताना एवढेच म्हटले की, हेलिकॉप्टरचे मिशन झाले नव्हते, हे तो येऊन सिद्ध करील. दुसऱ्याने विचारले, "कधी येतं?" त्यावर दोघांनी मे महिन्याचे नाव घेतले.